ट्रॉम्बे ते परळ : डॉ. होमी भाभांची दुसरी ओळख

डॉ. होमी भाभा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अणुभट्टीचा घुमट, अणुऊर्जा आयोग आणि स्पर्धा परीक्षेच्या गाइडमधला एका मार्काचा प्रश्न. भारतीय अणुकार्यक्रमाचे जनक कोण? उत्तर लिहायचं, मार्क घ्यायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. त्या एका ओळीपलीकडे हा माणूस कोण होता, काय शिकला, घरच्यांशी कशासाठी भांडला आणि त्याच्या कामाचा आपल्यासारख्यांच्या घरापर्यंत नेमका काय संबंध पोचतो, हे आपण सहसा विचारत नाही.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझी धाकटी बहीण न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी शिकते. म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करायची, ती पेशंटला द्यायची आणि त्यांच्या मदतीनं शरीराच्या आतल्या कामाचं चित्र काढायचं. तिच्या या कोर्समुळे आमच्या पुंडलिकनगरातल्या घरात दीड वर्ष वाद चालला होता. त्या वादाच्या काळात मी भाभांविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे चरित्र हाती लागलं ते बाँब किंवा विजेपेक्षा वेगळ्या वाटेनं जाणारं होतं. तेच इथं सांगतो.

आत्या

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म मुंबईत ३० ऑक्टोबर १९०९ रोजी एका सुशिक्षित पारशी घरात झाला. आजोबा होर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे सर्वोच्च अधिकारी होते. वडील जहांगीर बॅरिस्टर. घरात पुस्तकं, चित्रं आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड यांची रेलचेल. कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळा, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं शिक्षण झालं.

या घरातली एक व्यक्ती पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाची आहे. होमींची सख्खी आत्या मेहेरबाई. १८९८ साली तिचं लग्न जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी झालं. लेडी मेहेरबाई टाटा म्हणून ती पुढे प्रसिद्ध झाली. टेनिस खेळणारी, स्त्रियांच्या शिक्षणासाठी आणि बालविवाहाविरुद्ध उभी राहणारी बाई. १९३१ साली इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये ल्युकेमियानं म्हणजे रक्ताच्या कर्करोगानं ती गेली. तेव्हा होमी केंब्रिजमध्ये शिकत होते. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांची जवळजवळ सगळी संपत्ती, आत्याच्या गळ्यातल्या २४५ कॅरटच्या ज्युबिली हिऱ्यासकट, सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे आली. शिवाय बायकोच्या आठवणीत ल्युकेमियाच्या संशोधनासाठी त्यांनी एक वेगळा ट्रस्ट काढला होता.

कर्करोगावर रेडियमचे उपचार भारतात मिळावेत ही दोराबजींची इच्छा होती. ती त्यांच्या मागे ट्रस्टनं पुरी केली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, सुरुवातीला ८० खाटांचं. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात टाटाला नेलं एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, ते हेच टाटा. देवगिरी एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी दादरला उतरायचं, हातात फाइलींची पिशवी. आपल्यापैकी अनेकांच्या घरात हा प्रवास कुणी ना कुणी केलेला असतो.

मेकॅनिकलचा नाराज विद्यार्थी

आता होमींकडे येऊ. १९२७ साली ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाले, आणि तेही कशासाठी? तर मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला! वडील आणि दोराबजी यांचा बेत ठरलेला होता. मुलानं इंजिनिअर व्हायचं, परत यायचं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं. नोकरी जवळपास हातात, तीही घरच्या कंपनीत. आपल्याकडच्या भाषेत प्लेसमेंट फर्स्ट इयरलाच झालेली.

पण मुलाचं मन रमेना. वर्षभरातच त्यांनी वडिलांना स्पष्ट कळवलं की धंदा किंवा इंजिनिअरची नोकरी आपल्या स्वभावाला मानवणारी नाही, आपल्याला फिजिक्सच करायचं आहे. वडील रागावले नाहीत आणि विरघळलेही नाहीत. त्यांनी सौदा केला. आधी मेकॅनिकलची परीक्षा फर्स्ट क्लासमध्ये पास हो, मग गणिताच्या अभ्यासाचा खर्च मी करीन.

ही गोष्ट मला फार आवडते. कारण यात बंडखोर मुलगा आणि जुनाट बाप असा सिनेमा नाही. १९३० साली होमींनी मेकॅनिकलमध्ये फर्स्ट क्लास काढला. वडिलांनी शब्द पाळला. १९३२ साली गणितातही फर्स्ट क्लास. म्हणजे नको असलेला विषय टाकून न देता तो नीट पुरा केला आणि मग हवा तो विषय घेतला. पुढे अणुभट्ट्या उभारताना तीच इंजिनिअरिंगची तालीम उपयोगी पडली असणार, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. कागदावरचं समीकरण आणि वेल्डिंगची जोडणी या दोन्ही भाषा समजणारे भौतिकशास्त्रज्ञ कमीच असतात.

पॉझिट्रॉनचं वर्ष

होमी फिजिक्सकडे वळले ते वर्षच विलक्षण होतं. १९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. त्याच वर्षी अमेरिकेत अँडरसन यांना पॉझिट्रॉन सापडला. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ, वजन तेच, पण भार धन. तो असायला हवा हे डिरॅक यांनी आधीच गणितानं सांगितलं होतं, आणि हे डिरॅक केंब्रिजमध्ये होमींचे शिक्षक होते.

तरुण भाभांनी हाच विषय धरला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर कुठल्या कोनात किती विखुरतील याचं गणित त्यांनी १९३५ च्या सुमारास मांडलं. जगभर आज त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या मोठ्या कोलायडर यंत्रांमध्ये टकरींचं प्रमाण मोजायला ते अजूनही वापरतात. १९३७ साली हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी कॉस्मिक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. अवकाशातून आलेला एक कण वातावरणात शिरल्यावर कणांचा पाऊस कसा पडतो, याचा तो हिशोब होता.

इथं थोडं थांबून बहिणीच्या जर्नलमधली एक गोष्ट सांगतो. पेट स्कॅन हे नाव आपण ऐकलेलं असतं. यातला पहिला शब्द पॉझिट्रॉन. साखरेसारख्या रेणूला फ्लोरिन-१८ जोडून ते औषध पेशंटला देतात. जिथं पेशी जास्त साखर खातात, म्हणजे बऱ्याचदा कर्करोगाच्या गाठीत, तिथं ते जास्त साठतं. फ्लोरिन-१८ मधून पॉझिट्रॉन निघतो, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघंही नष्ट होतात. त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा होते. प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण बरोबर उलट दिशांना सुटतात. पेशंटभोवतीच्या वर्तुळातल्या समोरासमोरच्या दोन डिटेक्टरना ते जवळजवळ एकाच क्षणी लागले, की गाठ त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर आहे हे कळतं. अशा लाखो रेषा जमल्या की चित्र तयार! पेट स्कॅन भाभांनी शोधला नाही. पण ज्या कणाच्या वागण्यावर त्यांनी तरुणपणी रात्री जागवल्या, त्याच कणावर आज निदान होतं, एवढं मात्र खरं.

सुट्टीला आले ते राहिले

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि युरोपात दुसरं महायुद्ध पेटलं. परतीची वाट बंद झाली. ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रीडर म्हणून लागले. तिथं फिजिक्स विभागात सी. व्ही. रामन होते. कॉस्मिक किरणांच्या संशोधनासाठी पैसा दिला तो सर दोराबजी टाटा ट्रस्टनं. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

याच काळात त्यांचं मन बदललं. युद्ध संपलं की केंब्रिज किंवा अमेरिका हे दार उघडं होतंच. पण त्यांनी इथंच राहायचं ठरवलं. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढायची कल्पना मांडली. त्या पत्राचा गाभा असा होता की अणूपासून वीज मिळायला लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे बघावं लागू नये, ते घरातच तयार असावेत. तारीख लक्षात घ्या. हिरोशिमाला अजून सतरा महिने होते.

जून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, बंगलोरला सुरू झाली आणि डिसेंबरात मुंबईला पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. म्हणजे बघा, आत्याच्या मागे राहिलेल्या पैशातून एकीकडे परळचं कर्करोगाचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि दुसरीकडे भाच्याची फिजिक्सची संस्था. दोन वाटा वेगळ्या निघाल्या. त्या एकत्र यायला अजून सतरा वर्षं होती.

अप्सरा

ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये अणुऊर्जा खातं निघालं, थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत. मुंबईच्या पूर्वेला ट्रॉम्बेच्या डोंगराखाली प्रयोगशाळा उभी राहू लागली. १९५५ साली जिनिव्हात अणूच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद झाली, तिचं अध्यक्षपद भाभांकडे होतं.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत युनियन सोडलं तर आशियातली पहिली. इंधन ब्रिटनमधून आलं, बाकी बहुतेक सगळं आपल्या लोकांनी बांधलं, तेही वर्ष-सव्वा वर्षात. पाण्याच्या खोल टाकीत बुडवलेली १ मेगावॅटची ही भट्टी. चालू असताना पाण्यात निळा प्रकाश दिसायचा. नाव नेहरूंनी ठेवलं.

१ मेगावॅट उष्णतेवर वीज तयार करायची नव्हतीच. मग अशा भट्टीचा उपयोग काय? दोन उपयोग. एक म्हणजे माणसं तयार करणं. दुसरा म्हणजे न्यूट्रॉनच्या माऱ्यात एखादं साधं मूलद्रव्य ठेवून त्याचा किरणोत्सारी आयसोटोप बनवणं. अप्सरामध्ये हे काम लहान प्रमाणावर सुरू झालं. १९६० साली ४० मेगावॅटची सायरस भट्टी आली आणि आयसोटोप मोठ्या प्रमाणावर मिळू लागले. त्यातला एक आयोडीन-१३१.

आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. ते साधं आहे की किरणोत्सारी, हे तिला कळत नाही. त्यामुळे पेशंटला थोडं आयोडीन-१३१ पाजलं की ग्रंथी किती काम करते हे बाहेरून मोजता येतं, आणि जास्त मात्रेत दिलं तर ग्रंथीतल्या कर्करोगाच्या पेशी आतल्या आत जळतात. चाकू नाही, सुई नाही. याचा अर्धायू ८ दिवसांचा. म्हणजे दर ८ दिवसांनी किरणोत्सार निम्मा. आमच्या पुंडलिकनगरात ज्या काळात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, तेव्हा बहिणीनं हा आकडा असाच पाठ केला होता!

भाभांची मला सगळ्यात पटणारी गोष्ट मात्र १९५७ ची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी ट्रॉम्बेला ट्रेनिंग स्कूल सुरू केलं. देशभरातून निवडलेल्या तरुण इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांना वर्षभर एकत्र शिकवायचं आणि मग कामाला लावायचं. अणुवीज केंद्र देशात एकही नव्हतं, तारापूर सुरू व्हायला १९६९ उजाडलं. पण ते चालवणारी माणसं बारा वर्षं आधीपासून घडत होती. आधी मशीन आणायचं आणि मग ऑपरेटर शोधत फिरायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम त्यांनी उलटा केला.

परळची भेट

१९५७ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलं होतं. १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे आलं. कर्करोगाचं हॉस्पिटल आरोग्य खात्याकडे नसून अणुऊर्जा खात्याकडे का, हे कोडं अनेकांना पडतं, त्याचं उत्तर या वर्षात आहे. किरणांचा कर्करोगावरचा उपयोग वाढणार, त्यासाठी फिजिक्सवाले आणि डॉक्टर एका छपराखाली हवेत, हा भाभांचा विचार त्यामागे होता. आत्याच्या आठवणीशी जोडलेलं हॉस्पिटल असं भाच्याच्या खात्यात आलं.

लगेच १९६३ मध्ये परळला टाटाच्याच आवारात रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. ट्रॉम्बेत बनलेले आयसोटोप आणि परळचे पेशंट यांची गाठ इथं पडली. थायरॉइडच्या उपचारांसाठी हे केंद्र देशभर ओळखलं जाऊ लागलं. १९७३ पासून डॉक्टरांसाठी किरणोत्सारी वैद्यकाचा डिप्लोमा सुरू झाला. विज्ञानाच्या पदवीधरांना टेक्नॉलॉजिस्ट करणारा डीएमआरआयटी हा डिप्लोमाही इथलाच. २००२ मध्ये भारतातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट स्कॅनर याच केंद्रात आला.

आता पुंडलिकनगरात येतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना थायरॉइडचा कर्करोग निघाला. ऑपरेशननंतर त्यांना मुंबईला आयोडीनचा डोस द्यायचं ठरलं. डोस घेऊन त्या काही दिवस एकट्या खोलीत राहिल्या आणि मग घरी आल्या. सोबत सूचनांचा कागद होता. भरपूर पाणी प्यायचं, संडासात दोनदा पाणी टाकायचं, कपडे-भांडी वेगळी धुवायची, लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून काही दिवस लांब राहायचं. आणि गल्लीत तर पाण्याची ती बोंब! त्यात कुणीतरी उठवलं की काकूंच्या अंगातून ॲटम निघतो. दूधवाला गेटबाहेरच पिशवी टाकून जाऊ लागला. शेजारच्या घरानं खिडकी लावून घेतली.

माझी बहीण तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं तो कागद घेतला आणि घरोघर जाऊन समजावलं. लांब राहणं ठरावीक दिवसांपुरतं आहे, अंतर वाढलं की किरणांचा परिणाम झपाट्यानं घटतो, दुप्पट अंतरावर चौथाई होतो, आणि काकूंना आत्ता सगळ्यात जास्त गरज पाण्याची आहे. चार घरांतून चार ड्रम पाणी आलं. काकू बऱ्या झाल्या. आता गुरुवारी गजानन महाराजांच्या मंदिरात त्या रांगेत उभ्या दिसतात.

तेव्हापासून बहिणीनं हाच कोर्स धरला. बाबांचा साफ विरोध. बी.एड. कर, बँकेची परीक्षा दे, पण रोज त्या किरणांत उभं राहायचं काम नको. उद्या लग्न व्हायचं, मुलं व्हायची, आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं? आई बोलायची नाही, पण तिचंही तेच. ही भीती खोटी म्हणून उडवून देता येत नाही. किरणोत्साराचं काम बेफिकिरीनं केलं तर धोका आहेच. मेरी क्युरी यांची तब्येत त्यातच गेली, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

म्हणून बहिणीनं बाबांना भावनेनं न सांगता आकड्यांनी सांगितलं. अशा काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळू द्यायचा नाही आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाऊ द्यायचं नाही, हा आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम. छातीवर टीएलडी बॅज लावायचा, तो ठरावीक काळानं तपासायला जातो आणि कुणाला किती डोस मिळाला याची नोंद राहते. गरोदर असताना वेगळी आणि कडक मर्यादा. कामाची तीन सूत्रं : वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिसं. बाबा हिशोब तपासनीस आहेत. बोलण्यापेक्षा नोंदवहीवर त्यांचा विश्वास जास्त. दरवर्षी डोसचा आकडा आपल्याला दाखवायचा, या अटीवर ते तयार झाले. भाभांच्या वडिलांचा फर्स्ट क्लासचा सौदा मी जेवताना त्यांना सांगितला होता. ते काही बोलले नाहीत, पण फॉर्मची फी दुसऱ्या दिवशी भरली.

हॉट लॅबमधली सकाळ

हे काम नेमकं असतं काय? बहीण सांगते ते आपल्या भाषेत मांडतो. सगळ्यात जास्त वापरला जाणारा आयसोटोप टेक्नेशियम-९९एम. त्याचा अर्धायू फक्त ६ तास, त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. मग त्याचा बाप मागवतात, मॉलिब्डेनम-९९, अर्धायू ६६ तास. तो शिशाच्या आवरणातल्या जनरेटरमध्ये असतो. रोज सकाळी त्यातून सलाइन ओढून टेक्नेशियम काढायचं. गाईची धार काढतात तसंच, म्हणून इंग्रजीतही त्या कामाला दूध काढणंच म्हणतात. मग त्यात मॉलिब्डेनम तर उतरला नाही ना, हे तपासायचं. डोस मोजायचा. सकाळी ८ ला जेवढा होता, तो दुपारी २ ला निम्मा, रात्री ८ ला चौथाई, दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला सोळावा भाग. त्यामुळे कुठल्या पेशंटला किती वाजता किती मिली द्यायचं, याचं गणित रोज नव्यानं.

टेक्नेशियम हाडांच्या औषधाला जोडलं तर हाडांचं चित्र, हृदयाच्या औषधाला जोडलं तर हृदयाचं. गॅमा कॅमेऱ्याची रोज चाचणी. घाबरलेल्या म्हातारीला अर्धा तास न हलता झोपवणं. शेवटी उरलेला कचरा शिशाच्या पेटीत ठेवायचा, साधारण दहा अर्धायू गेले की उरतो हजारावा भाग.

यात आपला काय संबंध, असं विचारणाऱ्यांसाठी : डिटेक्टर, अँप्लिफायर, कोइन्सिडन्स सर्किट, इमेज रिकन्स्ट्रक्शन, शिल्डिंगचं डिझाइन, कूलिंग, सगळं आपलंच आहे. आणि लॉजिस्टिक्सही. फ्लोरिन-१८ चा अर्धायू ११० मिनिटं. मुंबईहून निघालेली गाडी आपल्या शहरात साडेपाच तासांत पोचली असं धरा. म्हणजे ३३० मिनिटं, बरोबर तीन अर्धायू. निघताना जेवढं औषध होतं त्याचा आठवा भाग उरला. घाटात ट्रक आडवा झाला की पेशंटचा स्कॅन गेला. अशा वेळी रस्ता हाही उपचाराचाच भाग होतो.

डाग आणि उंची

चरित्र म्हणजे आरती नव्हे, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. भाभांचे अंदाज अनेकदा चुकले. जिनिव्हाच्या परिषदेत त्यांनी दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा ताब्यात येईल असं भाकीत केलं होतं, ते आजही पुरं झालेलं नाही. १९८० पर्यंत देशात ८००० मेगावॅट अणुवीज होईल हा त्यांचा आराखडा होता, प्रत्यक्षात त्याच्या दहावा भागही झाली नाही. सगळा पैसा आणि हुशार माणसं काही मोजक्या संस्थांत गेली आणि विद्यापीठं कोरडी राहिली, अशी टीका मेघनाद साहांसारख्या मोठ्या शास्त्रज्ञानं त्याच काळात केली होती. आपल्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजांच्या लॅब पाहिल्या की ती टीका अगदीच खोडून काढता येत नाही. कारभार गुप्ततेचा, सगळी सूत्रं एका हातात.

पण हाच माणूस चित्रं काढायचा, बीथोवन ऐकायचा, टीआयएफआरच्या भिंतींसाठी भारतीय चित्रकारांची चित्रं विकत घ्यायचा. बांधकामाच्या आड येणारी मोठी झाडं तोडू न देता मुळासकट दुसरीकडे लावून घ्यायचा. त्यांनी लग्न केलं नाही.

२४ जानेवारी १९६६. अणुऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय बैठकीसाठी भाभा व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. तेरा दिवसांपूर्वीच ताश्कंदला लालबहादूर शास्त्री गेले होते, आणि त्याच २४ तारखेला इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. पुढच्या वर्षी जानेवारीत ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचं नाव मिळालं.

परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं होतं. पेट स्कॅनर त्यांनी पाहिला नाही. अप्सरा २००९ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी २ मेगावॅटची सुधारित अप्सरा सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तिच्या मुख्य कामांपैकी एक पुन्हा वैद्यकीय आयसोटोप बनवण्याचंच. वीज ठरल्याप्रमाणे आली नाही, पण औषध आलं. मोठ्या घोषणेच्या सावलीत हे लहान काम साठ वर्षं चालू राहिलं, आणि आमच्या गल्लीतल्या काकूंपर्यंत पोचलं.

मित्रहो, हा लेख वाचून कुणी न्यूक्लिअर मेडिसिनकडे वळावं असा माझा आग्रह नाही. पण तुमच्या घरात, हॉस्टेलच्या शेजारच्या रूममध्ये किंवा गावाकडे एखादी बी.एस्सी. झालेली बहीण-भाऊ असेल, तर ही वाट आहे हे त्यांच्या कानावर घाला. डिप्लोमा, पदवी, एम.एस्सी. असे वेगवेगळे पर्याय आहेत. प्रवेश घेण्याआधी तो कोर्स नियामक मंडळाच्या पात्रतेत बसतो का, प्रत्यक्ष हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग किती आहे आणि टीएलडी बॅज पहिल्या दिवसापासून मिळतो का, हे तीन प्रश्न जरूर विचारा. आणि मेकॅनिकलला कंटाळलेल्या माझ्या मित्रांनो, सबमिशन पुरं करा. त्या केंब्रिजच्या पोरानंही आधी ते पुरं केलं होतं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी